दोष सापडला, दुरुस्ती कुणी करायची?

जुलै २०१९ मध्ये जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरबद्दल धोक्याची सूचना काढली. सूचनेतल्या दोषाला १० पैकी ९.८ गुण मिळाले होते. या मोजपट्टीवर गुण जितके जास्त तितका दोष घातक. साहजिकच बातम्या सुरू झाल्या आणि व्हीएलसी ताबडतोब काढून टाका, असे सल्ले फिरू लागले. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या फ्रेंच संस्थेतल्या लोकांनी ती वादातली फाइल आपल्याकडे चालवून पाहिली, तर काहीच झालं नाही. शोध घेतल्यावर कळलं की दोष मुळात व्हीएलसीचा नव्हता. एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइली वाचायला लागणाऱ्या लिबईबीएमएल नावाच्या वेगळ्याच लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडच्या संग्रहात) तो होता, आणि तिथेही १६ महिन्यांपूर्वी दुरुस्त झालेला होता. तक्रार करणाऱ्याच्या संगणकावर लिनक्सची जुनी आवृत्ती होती आणि तिच्याबरोबर आलेली जुनी लायब्ररी. पुढे त्या दोषाचे गुण ९.८ वरून ५.५ वर आले. तोवर ज्यांनी प्लेअर काढून टाकायचा त्यांनी तो टाकला होता.

हे ५.५ कुठून येतं ते समजून घेण्यासारखं आहे. दोषाने माहिती चोरीला गेली का, माहितीत फेरफार झाला का, आणि सेवा बंद पडली का, असे तीन प्रश्न या मोजणीत विचारतात. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचं ‘पूर्णपणे’ असेल, शिवाय फाइल वापरणाऱ्याने स्वतः आपल्या संगणकावर उघडावी लागत असेल, तर गणित ५.५ वर येतं. म्हणजे प्लेअर क्रॅश होतो, एवढंच. तांत्रिक भाषेत याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण घरी बसून सिनेमा पाहणाऱ्यासाठी त्याचा अर्थ खिडकी बंद पडली आणि पुन्हा उघडावी लागली, इतकाच असतो.

असे दोष ध्वनी-चित्राच्या सॉफ्टवेअरमध्येच इतके का निघतात? कारण हे सॉफ्टवेअर अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलवर विश्वास ठेवून काम सुरू करतं. फाइलच्या सुरुवातीला चित्राची रुंदी-उंची लिहिलेली असते, आणि तेवढी मेमरी आधी मागून ठेवावी लागते. समजा हे दोन्ही आकडे दोन-दोन बाइटमध्ये लिहिले आहेत, तर प्रत्येक आकडा ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. एका बिंदूला चार बाइट धरले तर अशा एका चित्राला सुमारे १७ अब्ज बाइट, म्हणजे १७ जीबी मेमरी लागेल. फाइल स्वतः मात्र शे-दोनशे बाइटची असू शकते! लग्नघरून निरोप आला की पाच हजार पानं उठणार, आणि आचाऱ्याने कुणालाही न विचारता पाच हजारांचा भात चढवला, तसं हे. पाहुणे पन्नासही नसतात, पण चुली, पातेली आणि माणसं सगळी अडकून पडतात.

ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा गळतीची. मागितलेली मेमरी काम झाल्यावर परत करायची राहून जाते, आणि भाड्याने आणलेली भांडी प्रत्येक कार्यानंतर घरातच साठत जावीत तशी ती अडकत राहते. तिसरी तऱ्हा खरी भीतीची. मेमरीची जागा सोडून दिलेली असते, तरी प्रोग्रॅम जुन्या किल्लीने तिथे शिरतो, किंवा आपल्या खोलीची भिंत ओलांडून शेजारच्या खोलीत लिहू लागतो. बहुतेक वेळा याचाही शेवट क्रॅशमध्येच होतो. पण हुशार हल्लेखोर याच फटीतून आपला कोड आत सरकवू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या छोट्या लायब्ररीत असाच दोष निघाला. तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात होता, आणि क्रोमसकट अनेक ब्राउझरना तातडीने नवी आवृत्ती काढावी लागली. तेव्हा ‘नुसता क्रॅश तर आहे’ म्हणून प्रत्येक दोषाकडे पाठ फिरवता येत नाही, हे मला मान्य आहे.

शिवाय नुसता क्रॅशसुद्धा कुठे होतो यावर सगळं अवलंबून असतं, हे मी माझ्या कामात पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. शिक्षक मोबाइलवर काढलेले धडे आमच्याकडे पाठवायचे आणि आमचे सर्व्हर त्यांचे लहान-मोठ्या आकाराचे व्हिडिओ तयार करायचे. एके दिवशी एक सर्व्हर मेमरी संपून पडला. मग दुसरा पडला, मग तिसरा. आम्हाला वाटलं हल्ला झाला. प्रत्यक्षात नेटवर्क तुटल्यामुळे अर्धवट चढलेली एकच फाइल होती. ती उलगडताना एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या लायब्ररीतला मेमरीचा दोष जागा व्हायचा आणि सर्व्हर गुदमरायचा. काम अपुरं राहिलं की ते आपोआप पुढच्या सर्व्हरकडे द्यायचं, अशी व्यवस्था आम्हीच केली होती. त्या व्यवस्थेने ती फाइल इमानेइतबारे सगळ्यांना फिरवून आणली. त्या दिवशी शेकडो शिक्षकांचे धडे अडकले. त्यात कुणा हल्लेखोराचा हात नव्हता. रेंज नसलेल्या गावातून आलेला एक व्हिडिओ पुरेसा ठरला.

आम्ही काय केलं? प्रत्येक कामाला मेमरीची कमाल मर्यादा घातली. दोनदा फसलेली फाइल बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने दोन दिवस खपून लायब्ररीतली नेमकी चूक शोधली आणि नऊ ओळींत ती दुरुस्त केली. ती दुरुस्ती आम्ही आमच्या प्रतीत घातली आणि पुढच्या कामाला लागलो. मूळ प्रकल्पाकडे ती पाठवायला कायदा विभागाची परवानगी लागणार होती. परवानगीचा अर्ज कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये राहिला. ज्या लोकांनी ती लायब्ररी फुकट दिली होती, त्यांना तिच्यातला दोष आणि त्याचा इलाज दोन्ही आमच्याकडे तयार असताना आम्ही कळवलं नाही. मला याची आजही खंत वाटते, आणि मला या विषयावर लिहावंसं वाटतं त्यामागचं एक कारण हेच आहे.

कारण प्रश्न शेवटी इथेच येतो. दोष असणारच. लाखो ओळींचं, सी भाषेत लिहिलेलं, मेमरी हाताने सांभाळणारं सॉफ्टवेअर निर्दोष असेल अशी अपेक्षा कुणी जाणकार करत नाही. दोष शोधण्याची साधनंही आता अफाट झाली आहेत. दुरुस्तीचं ओझं मात्र अजूनही त्याच मूठभर माणसांच्या डोक्यावर आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत.

एफएफएमपेगचं उदाहरण घ्या. फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प. व्हिडिओ उघडणं, बदलणं, दाबून लहान करणं या कामासाठी आज जगात याच्याइतकं वापरलं जाणारं दुसरं सॉफ्टवेअर सापडणं कठीण. व्हीएलसीच्या पोटात त्याचे कोडेक (चित्र-ध्वनी दाबणारे आणि उलगडणारे भाग) आहेत, ब्राउझरमध्ये आहेत, मोठमोठ्या व्हिडिओ सेवांच्या सर्व्हरवर आहेत. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरच्या कॅमेरा यंत्रणेतही ते होतं. गूगलच्या दोन सुरक्षा अभियंत्यांनी या प्रकल्पावर मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींचा अनेक महिने मारा केला. त्यातून हजाराहून अधिक दुरुस्त्या झाल्याचं त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केलं. त्या हजार दुरुस्त्या एफएफएमपेगच्याच लोकांनी बसून केल्या होत्या. ते सहकार्य चांगलं होतं, आणि आज एफएफएमपेग पूर्वीपेक्षा मजबूत आहे त्याचं श्रेय दोघांनाही जातं.

२०२५ मध्ये चित्र बदललं. गूगलच्या बिग स्लीप या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने एफएफएमपेगमध्ये दोष शोधून द्यायला सुरुवात केली. त्यातला एक दोष लुकासआर्ट्सच्या १९९५ सालच्या एका व्हिडिओ गेममधली चित्रफीत उलगडणाऱ्या कोडेकमध्ये होता. एफएफएमपेगच्या लोकांनी तो दुरुस्त केला, पण जाहीरपणे संतापही व्यक्त केला. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक कंपनी यंत्राकडून दोष शोधून घेते, ९० दिवसांचं घड्याळ लावते (तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर दोषाचा तपशील जाहीर) आणि दुरुस्तीचं काम स्वयंसेवकांवर टाकते, हे कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी जुलैत गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या पथकाने नवं धोरण जाहीर केलं होतं. दोष कळवल्यावर आठवड्याभरात, तपशील न देता, ‘अमुक सॉफ्टवेअरमध्ये दोष कळवला आहे’ असं जगाला सांगायचं. ज्याच्याकडे पगारी पथक आहे अशा कंपनीला हा दबाव झेपेल. नोकरीवरून घरी येऊन रात्री कोड लिहिणाऱ्याला तो कसा झेपावा?

या वादात एक गोष्ट एफएफएमपेगच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण सांगायला हवी. ‘तीस वर्षं जुना गेम कोण चालवतं?’ हा युक्तिवाद अपुरा आहे. एफएफएमपेग फाइल ओळखताना नुसत्या नावावर जात नाही, आतला मजकूर पाहतं. नाव ‘लग्न.एमपी४’ असलं तरी आत त्या जुन्या गेमचा मजकूर भरला असेल, तर फाइल त्याच जुन्या कोडेकपर्यंत पोचू शकते. म्हणून जो कोडेक चालू आहे त्यातला दोष खराच दोष आहे. गूगलने तो शोधला यात काही चूक नाही, आणि लपवून ठेवलेल्या दोषापेक्षा कळलेला दोष केव्हाही बरा.

पण मग ज्याने यंत्राला कोट्यवधी ओळी वाचायला लावल्या, त्याला त्याच यंत्राकडून दहा ओळींची दुरुस्ती लिहून घेणं, आपल्या पगारी अभियंत्याकडून ती तपासून घेणं आणि तक्रारीसोबत जोडणं अशक्य आहे का? माझं मत स्पष्ट आहे. एखादा विद्यार्थी किंवा एकटा संशोधक दोष कळवतो, तेव्हा त्याचं कळवणं हेच मोठं योगदान असतं. मात्र तेच सॉफ्टवेअर वापरून नफा कमावणारी कंपनी दोष कळवते, तेव्हा नुसत्या तक्रारीवर तिची जबाबदारी संपत नाही. सोबत दुरुस्ती द्यावी, नाहीतर दुरुस्तीचे पैसे द्यावेत. दोन्ही जमत नसेल, तर निदान घड्याळ लावू नये.

मायक्रोसॉफ्टचं २०२४ मधलं वागणंही विसरण्याजोगं नाही. त्यांच्या टीम्स या ऑनलाइन बैठकांच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओखालच्या मजकुराची काही अडचण होती. त्यांच्या माणसाने एफएफएमपेगच्या तक्रारवहीत येऊन ती तातडीची असल्याचं लिहिलं. एफएफएमपेगने दीर्घकालीन देखभालीचा करार मागितला, तर एकदाच काही हजार डॉलर देऊ, असं उत्तर आलं. हे सगळं घडलं तो काळही पाहण्यासारखा आहे. एक्सझी या फाइली दाबणाऱ्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून गुप्त दार बसवल्याचं नुकतंच, २०२४ च्या मार्चमध्ये उघड झालं होतं. एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याचा, फायदा घेऊन ते दार बसवलं गेलं होतं.

थकवा ही यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. निक वेल्नहोफर लिबएक्सएमएल२ ही जगभर वापरली जाणारी लायब्ररी बिनपगारी सांभाळत होते. बाहेरून येणाऱ्या सुरक्षा तक्रारींवर दर आठवड्याला कित्येक तास जातात, हे आपल्याला झेपत नाही, असं त्यांनी २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलं. यापुढे सुरक्षेच्या दोषांना गुप्ततेची मुदत मिळणार नाही, इतर दोषांसारखेच तेही उघड नोंदले जातील आणि सवड मिळेल तेव्हा दुरुस्त होतील, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी ती जबाबदारीच सोडली. प्रत्येक किरकोळ क्रॅशला दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक आणि गुण मिळत गेले, आणि प्रत्येक क्रमांकामागे एखाद्या कंपनीचा तपासनीस ‘कधी दुरुस्त होणार’ विचारत आला, की असंच होणार.

पैसे उभे राहू शकतात, याचीही उदाहरणं समोर आहेत. जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडने २०२४ मध्ये एफएफएमपेगला दीड लाख युरोंहून अधिक मदत दिली. आपल्याकडे झिरोधा या बंगळुरूच्या शेअर दलाली कंपनीने फ्लॉस फंड सुरू केला. जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर. २०२५ मध्ये त्यातले एक लाख डॉलर एफएफएमपेगला मिळाले. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. त्याचबरोबर असंही वाटलं की झिरोधाचा धंदा काही व्हिडिओचा नाही. ज्यांचा धंदाच व्हिडिओचा आहे, जे क्रिकेटचे सामने कोट्यवधी मोबाइलवर पोचवतात, जे वर्ग, मालिका, कीर्तनं आणि बातम्या दाखवतात, त्यांचा वाटा किती?

सरकारबद्दलही बोलायला हवं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण आणलं, ते योग्यच होतं. पण वापरणं आणि सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सांभाळण्याबाबत आपली समज किती कच्ची आहे ते २०२२ मध्ये दिसलं. त्या वर्षी फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात बंद होती. मोबाइलचं अ‍ॅप मिळत होतं, पण संगणकासाठी व्हीएलसी अधिकृत ठिकाणाहून उतरवता येत नव्हतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने व्हिडिओलॅनने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मेमरीच्या दोषांवर सामान्य माणसाच्या हातात इलाज एकच, नवी आवृत्ती घेणं. ती ज्या दारातून मिळते तेच दार नऊ महिने बंद राहिलं. त्या काळात किती जणांनी जुनीच आवृत्ती चालू ठेवली असेल आणि किती जणांनी भलत्याच साइटवरून ‘व्हीएलसी’ नावाची कुठलीतरी फाइल उतरवून घेतली असेल, या विचाराने मी तेव्हा अस्वस्थ व्हायचो. माझ्या ओळखीतले लग्नाचं शूटिंग करणारे दोघं मला रोज विचारायचे, साइट का उघडत नाही म्हणून. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुरक्षेच्या नावाखाली साइट बंद करणारं सरकार सुरक्षेसाठी माणसंही नेमू शकतं. पुण्यात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे. बॉस लिनक्ससारखी पूर्ण प्रणाली त्या संस्थेने बांधली आहे. तिथल्या दहा-बारा तरुण अभियंत्यांना एफएफएमपेग, व्हीएलसी, जीस्ट्रीमर अशा प्रकल्पांत पूर्णवेळ दुरुस्ती करण्याचंच काम दिलं, तर तो खर्च सरकारी हिशेबात दिसणारही नाही. काम मात्र भरपूर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीस्ट्रीमरमध्ये एका संशोधकाने दाखवलेले २९ दोष एकदम जाहीर झाले, त्यातले बहुतेक एमपी४ आणि एमकेव्ही फाइली वाचणाऱ्या भागातले. असे दोष दुरुस्त करताना जे शिकायला मिळतं, ते कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

कुणी म्हणेल, सगळं रस्ट भाषेत नव्याने लिहा म्हणजे मेमरीचा प्रश्नच मिटेल. दिशा चांगली आहे. व्हिडिओलॅनच्या डेव्हवनडी या एव्हीवन प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या लायब्ररीचं रस्टमध्ये रूपांतर झालंही आहे. पण ते मूळ सी आवृत्तीपेक्षा सुमारे पाच टक्के संथ पडलं, आणि तो फरक भरून काढणाऱ्याला २०२५ मध्ये २०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर करावं लागलं. एका कोडेकची ही कथा. एफएफएमपेगमध्ये असे शेकडो कोडेक आहेत.

तोवर सर्व्हर चालवणाऱ्यांच्या हातात बरंच आहे, आणि ते आजच करता येतं. आपल्याला लागणारे चार-पाच कोडेक तेवढे ठेवून बाकीचे सॉफ्टवेअरच्या बांधणीतूनच वगळता येतात. मग १९९५ चा गेम आपल्या दारात येतच नाही. एका वेळी किती मेमरी मागू द्यायची आणि चित्र किती बिंदूंपर्यंत स्वीकारायचं, याच्या मर्यादा एफएफएमपेगमध्येच घालता येतात. अनोळखी फाइल उलगडण्याचं काम वेगळ्या, बंदिस्त खोलीत करता येतं, म्हणजे ते कोसळलं तरी बाकीचं घर उभं राहतं. हे न करता मेंटेनरकडे बोट दाखवणाऱ्या कंपनीची तक्रार मला पटत नाही. ज्या परवान्याखाली हे सॉफ्टवेअर मिळतं त्यात ‘कोणतीही हमी नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

आणि आपल्या कंपन्यांमधल्या वरिष्ठांकडे माझी एक साधी मागणी आहे. तुमच्या अभियंत्यांनी केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला पाठवण्याची परवानगी कोण देतं, ते ठरवा. त्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या, आणि त्याने आठ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असा नियम करा. माझ्या मैत्रिणीच्या त्या नऊ ओळी अडल्या त्या अशी सही करणारा कुणी ठरलेला नव्हता म्हणून.